कमळाचा भाऊबंद चिनार

तळ्यात कमळ आणि कुमुदिनी शेजारी शेजारी फुललेली असली, की बघणारा त्यांना सख्ख्या बहिणी समजतो. चिखलात रुतलेला कंद, लांबच लांब देठ, गोल पानं, एकावर एक रचलेल्या पाकळ्या आणि मधोमध पिवळ्या पुंकेसरांची दाटी. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही बराच काळ दोघींना एकाच कुळात टाकलं होतं. डीएनएने ही सोयरीक मोडली. कमळाचा जवळचा नातेवाईक निघाला चिनार, पंजाच्या आकाराच्या पानांचा तो अवाढव्य वृक्ष. कुमुदिनीचे पूर्वज तर फुलझाडांच्या इतिहासाच्या अगदी सुरुवातीलाच वेगळ्या वाटेने गेले होते. पाण्यात राहून राहून दोघींचं रूप सारखं झालं, इतकंच.

कमळ आणि चिनार ज्या गोतावळ्यात मोडतात त्याला युडिकॉट म्हणतात. फुलं येणाऱ्या वनस्पतींच्या जगात अंदाजे 3 लाख जाती आहेत आणि त्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश या एकट्या गोतावळ्यातल्या. गुलाब, आंबा, कापूस, सूर्यफूल, मोहरी, टोमॅटो, साग, तुळस, निवडुंग, निलगिरी, चंदन, अमरवेल, सगळे यातच येतात. बोर्निओच्या जंगलात 100 मीटरपर्यंत उंच जाणारे मेरांटी वृक्ष यातले आणि भिंतीच्या फटीत उगवणारं बोटभर तणही बहुधा यातलंच. एवढ्या वेगवेगळ्या चेहऱ्यांच्या मंडळींना एका घराण्यात बांधणारं काय, हा प्रश्न साहजिक आहे. नुसत्या डोळ्यांनी बघून त्याचं उत्तर मिळत नाही.

शाळेत आपण फुलझाडांचे दोन गट शिकतो. बी रुजताना एक दल बाहेर आलं तर एकदल, दोन आली तर द्विदल. मग त्याला जोडून तक्ता: एकदलांच्या पानांत शिरा समांतर, द्विदलांच्या जाळीदार, एकदलांना तंतुमुळं, द्विदलांना सोटमूळ, एकदलांच्या फुलाचे भाग तीनच्या पटीत, द्विदलांचे चार किंवा पाचच्या. इंग्लंडच्या जॉन रे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही विभागणी मांडली आणि ती तीनशे वर्षं टिकली. बागेत, शेतात ती आजही चालते. वंशावळ म्हणून मात्र ती अर्धीच खरी आहे. गवतं, ताड, केळ, ऑर्किड, कांदा हे सगळे एकदल एकाच पूर्वजाचे वंशज आहेत, त्यामुळे तो गट पक्का. द्विदलांचं तसं नाही. मिरी, दालचिनी, सीताफळ, सोनचाफा, अव्होकॅडो यांच्या बियांत दोन दलं असतात, तरी ते मोहरी-गुलाबांच्या घराण्यातले नव्हेत. कुमुदिनी तर एकदलांची शाखा फुटण्याच्याही आधीची.

असं होण्याचं कारण साधं आहे. दोन दलं ही वाडवडिलांपासून चालत आलेली जुनी ठेवण आहे आणि एकदलांच्या पूर्वजांनी त्यातलं एक सोडलं. ज्यांनी काहीच बदललं नाही अशा उरलेल्या सगळ्यांना एकत्र कोंबून केलेला गट म्हणजे द्विदल. घराणं ठरवायचं तर एखाद्या पूर्वजाने नव्याने मिळवलेली आणि वंशजांकडे उतरलेली खूण लागते. युडिकॉटांची अशी खूण त्यांच्या परागकणावर असते.

परागकणाचा आकार मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढा, त्यामुळे हे पाहायला सूक्ष्मदर्शक हवाच. त्याचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या विलक्षण चिवट पदार्थाचं असतं. आम्लातसुद्धा ते सहजी विरघळत नाही. आतल्या जिवंत पेशीला बाहेर पडायला कवचात कुठेतरी पातळ जागा ठेवावी लागते. सोनचाफा, ताड आणि त्यांच्यासारख्या अनेकांच्या परागकणावर अशी एकच लांबट खाच असते. मोहरीचा परागकण पाहिला तर त्यावर तीन खाचा दिसतात, संत्र्याच्या फोडींच्या रेषांसारख्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलेल्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. कमळाच्या परागकणावर तीन, चिनाराच्याही तीन. पुढे काही युडिकॉटांनी या तिनांच्या सहा केल्या, काहींनी गोल छिद्रं केली, जास्वंदाने कणाच्या अंगभर काटे आणि भरपूर छिद्रं काढली, पण मूळ नमुना तीन खाचांचाच.

या खाचा येतात त्या परागकणाच्या जन्माच्या वेळी. एका पेशीचं विभाजन होऊन चार कण तयार होतात आणि थोडा वेळ ते एकमेकांना चिकटून बसतात. युडिकॉटांत बहुतेकदा चारही कण एकाच वेळी विलग होतात आणि चौफलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या ठोकळ्याच्या, चार कोपऱ्यांसारखे रचलेले असतात, म्हणजे प्रत्येकाला तीन शेजारी. शेजाऱ्यांशी शेवटपर्यंत संबंध राहिलेल्या जागांच्या अनुरोधाने तीन खाचा पडतात. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या तणात आयएनपी-1 नावाचं एक प्रथिन या जागा राखून ठेवतं. ते बिघडवलं तर कवच सलग बनतं, एकही खाच पडत नाही. एवढं झाल्यावर तो परागकण निकामी व्हायला हवा, पण अरॅबिडॉप्सिसमध्ये तो कवच फोडून नळी बाहेर काढतोच.

मग तीन खाचांचा फायदा काय? परागकण कोरड्या हवेत सुकतो तेव्हा खाचा आत मिटतात आणि कवच न फुटता कण आकसतो. ओलावा मिळाला की त्या उघडतात. शिवाय कण स्त्रीकेसराच्या टोकावर कसाही पडला तरी तिनांतली एखादी खाच पृष्ठभागाजवळ येण्याची शक्यता मोठी, म्हणजे परागनळीचा रस्ता छोटा. व्हायोला या फुलझाडाच्या काही जातींत एकाच फुलात कमी-जास्त खाचांचे कण सापडतात. तिथे जास्त खाचांचे कण लवकर रुजतात पण लवकर मरतात, असं 1991 मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवलं. म्हणजे खाच वाढवण्याची किंमत मोजावी लागते, कारण प्रत्येक खाच ही पाणी निसटायलाही वाट असते. चक्रीफुलाच्या परागकणावरही तीन खाचा दिसतात, पण त्या पडतात वेगळ्या जागी आणि त्या झाडाने त्या स्वतंत्रपणे मिळवलेल्या आहेत. नुसता आकडा मोजून घराणं ठरवणाऱ्याची इथे फसगत होते.

कवच चिवट असल्यामुळे परागकण खडकांत उत्तम टिकतात. पानं-फुलं कुजून गेली तरी ते राहतात. सुमारे 12.5 कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत तीन खाचांचे कण पहिल्यांदा दिसू लागतात आणि पुढच्या दोन-तीन कोटी वर्षांत ते जगभर पसरतात. भूशास्त्राच्या हिशेबात हा वेग दांडगा आहे. चार्ल्स डार्विनला हेच खुपत होतं. 1875 साली स्विस जीवाश्मतज्ज्ञ ओस्वाल्ड हीर यांना लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं की क्रिटेशस काळाच्या वरच्या थरांत इतके द्विदल एकाएकी दिसावेत, हे उत्क्रांती मानणाऱ्या कुणालाही बुचकळ्यात टाकणारं आहे. फुलझाडांच्या या झपाट्याच्या उदयाला त्याने ‘घृणास्पद गूढ’ म्हटलं, ते प्रसिद्ध वचन चार वर्षांनंतरचं. हे आधीचं पत्र मला जास्त नेमकं वाटतं, कारण त्यात त्याने बोट ठेवलं ते थेट द्विदलांवर.

वंशवृक्षाचा डीएनए पुरावा 1993 मध्ये मोठ्या प्रमाणावर आला. मार्क चेस आणि त्यांच्या बऱ्याच मोठ्या चमूने सुमारे 500 वनस्पतींचं आरबीसीएल नावाचं एकच जनुक वाचून वंशवृक्ष काढला. हवेतला कार्बन पकडणाऱ्या रुबिस्को या विकराचा एक भाग हे जनुक बनवतं, त्यामुळे ते जवळजवळ प्रत्येक हिरव्या झाडात सापडतं. त्या वृक्षात तीन खाचांवाल्यांची फांदी ठळकपणे वेगळी आली. युडिकॉट हे नाव मात्र त्याआधीच, 1991 मध्ये, जेम्स डॉयल आणि कॅरल हॉटन यांनी परागकणांच्या जोरावर दिलं होतं. सूक्ष्मदर्शकाने सांगितलेलं जनुकाने मान्य केलं असं फार वेळा घडत नाही. 1998 पासून एपीजी या फुलझाडांची वंशावळ लावणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटाचं वर्गीकरण चालतं आणि त्याची चौथी आवृत्ती 2016 ची.

या फांदीच्या बुडाशी काही लहान उपशाखा आहेत: अफू आणि तिचे नातलग, कमळ-चिनार, बॉक्सवुड. त्यांच्या फुलांचा हिशेब ढिला असतो. कुणाच्या पाकळ्या चार, कुणाच्या सहा, कुणाच्या अगणित, कुणाला पाकळ्याच नाहीत. त्याच्या वरची मोठी फांदी म्हणजे गाभ्यातले युडिकॉट. गुलाब, आंबा, कापूस, मोहरी यांची एक बाजू आणि टोमॅटो, सूर्यफूल, तुळस, कॉफी यांची दुसरी, शिवाय आणखी काही लहान फांद्या. इथे फूल एका शिस्तीत आलं: पाच निदलं (कळीला झाकणारी बाहेरची दलं), पाच पाकळ्या, पुंकेसर पाच किंवा दहा, प्रत्येक वर्तुळ आपल्या जागी. अमेरिकेतल्या नेब्रास्कात रोझ क्रीक इथे सापडलेल्या, सुमारे 10 कोटी वर्षांपूर्वीच्या फुलाच्या ठशात ही पाचाची मांडणी स्पष्ट दिसते.

ही फांदी फुटण्याच्या सुमारास जीनोममध्ये, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएमध्ये, मोठी उलथापालथ झाली होती, हे कळलं द्राक्षामुळे. 2007 मध्ये द्राक्षाचा जीनोम वाचला गेला तेव्हा त्याच्या 19 गुणसूत्रांत एकच जनुकक्रम पुन्हा पुन्हा, आणि बहुतेक ठिकाणी तीन वेळा, आढळला. उलटा हिशेब केल्यावर चित्र असं उभं राहिलं: मूळ पूर्वजाकडे 7 गुणसूत्रांचा संच होता, तो तिप्पट होऊन 21 झाला आणि नंतरच्या जोडतोडीत 19 उरले. सुमारे 12 कोटी वर्षांपूर्वीच्या या घटनेला गॅमा म्हणतात. बहुधा आधी संच दुप्पट झाला आणि मग वेगळ्या संचाच्या झाडाशी संकर होऊन तिसरी प्रत आली. ही खूण आधी नीट दिसली नव्हती, कारण 2000 साली वाचलेल्या अरॅबिडॉप्सिसच्या जीनोममध्ये त्यानंतर आणखी दोन वेळा दुपटीकरण होऊन सगळा पसारा विस्कटला होता. द्राक्षाने त्यानंतर असा खेळ केलाच नाही. 2013 मध्ये कमळाचा जीनोम आला आणि त्यात गॅमाचा मागमूस नव्हता. त्याचं स्वतःचं वेगळं दुपटीकरण होतं. म्हणजे तिप्पट होणं घडलं ते कमळाची वाट वेगळी झाल्यानंतर, गाभ्यातल्या युडिकॉटांच्या पूर्वजात.

जीनोम तिप्पट झाला म्हणून झाड तिप्पट हुशार होत नाही. बहुतेक जादा प्रती लवकरच बिघडतात आणि नाहीशा होतात. काही मात्र टिकतात. एकुलत्या एका किल्लीला कुणी कानस लावत नाही, पण तीन असतील तर एकीवर प्रयोग करून बघता येतो. टिकलेल्या प्रतींमध्ये फूल घडवणारी जनुकं बरीच होती.

फूल कसं घडतं याचं सूत्र 1991 मध्ये एनरिको कोएन आणि एलियट मायरोविट्झ यांनी मांडलं. एकाने स्नॅपड्रॅगनवर काम केलं होतं, दुसऱ्याने अरॅबिडॉप्सिसवर, आणि दोन्हीकडे नियम सारखाच निघाला. फुलात बाहेरून आत चार वर्तुळं असतात: निदलं, पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर. त्यांच्यावर जनुकांच्या तीन कामांचा अंमल असतो. नुसतं ‘ए’ असेल तिथे निदल होतं, ‘ए’ आणि ‘बी’ मिळून पाकळी, ‘बी’ आणि ‘सी’ मिळून पुंकेसर, नुसतं ‘सी’ म्हणजे स्त्रीकेसर. ‘ए’ आणि ‘सी’ एकमेकांना आपल्या हद्दीत येऊ देत नाहीत. अरॅबिडॉप्सिसमध्ये ‘सी’चं काम करणारं अगॅमस जनुक बिघडलं की ‘ए’ आत घुसतं. मग पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात आणि स्त्रीकेसराच्या जागी नवं फूल सुरू होतं, त्याच्या आत पुन्हा पाकळ्या, त्याच्या आत पुन्हा फूल. कारण फुलाची वाढ थांबवणं हेही ‘सी’चंच काम. बागेतल्या भरगच्च गुलाबांत याचा सौम्य प्रकार असतो: तिथे अगॅमस शाबूत असतं, पण त्याची हद्द फुलाच्या मध्याकडे आकसलेली असते, आणि मोकळी झालेली जागा पाकळ्या घेतात. पुढे चौथं काम करणारी सेपॅलाटा जनुकं सापडली. 2001 मध्ये योग्य जनुकं एकत्र चालू करून पानांच्या पाकळ्या करून दाखवण्यात आल्या. पान आणि पाकळी मुळात एकच, हे जर्मन कवी गटे यांनी 1790 मध्येच म्हटलं होतं.

या सूत्रातला ‘ए’ मला कायम लंगडा वाटत आला आहे. अरॅबिडॉप्सिस आणि त्याच्या जवळच्या मंडळींबाहेर तो स्वच्छपणे क्वचितच सापडतो. ‘बी’ आणि ‘सी’ मात्र भक्कम आहेत.

गॅमाच्या प्रतींचं काय झालं हे ‘सी’मध्ये फार छान दिसतं. त्या घटनेत ‘सी’ जनुकाच्या दोन शाखा झाल्या. अरॅबिडॉप्सिसमध्ये पहिल्या शाखेतलं अगॅमस पुंकेसर आणि स्त्रीकेसर घडवतं. दुसऱ्या शाखेतली शॅटरप्रूफ जनुकं शेंग तडकून बी बाहेर पडण्याच्या कामाला लागली. स्नॅपड्रॅगनमध्ये नेमका उलटा कारभार आहे. तिथे ‘सी’चं मुख्य काम दुसऱ्या शाखेतलं प्लेना करतं, आणि अगॅमसचा सरळ वारस फॅरिनेली, त्याच्या वाट्याला पुंकेसरांची थोडी जबाबदारी उरली. काम तेच, फूलही तसंच, पण ते कोणत्या प्रतीने करायचं हे दोन घराण्यांत वेगवेगळं ठरलं. एखाद्या जनुकाचं नाव वाचून त्याचं काम गृहीत धरणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

आता ‘जीनोम तिप्पट झाला म्हणून युडिकॉट जिंकले’ असं वाक्य सर्रास वाचायला मिळतं. ते मला पटत नाही. दोन मीटरहून रुंद पानांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गनेराच्या फांदीतही गॅमा आहे, पण तिची फुलं इवलीशी आणि दोनाच्या हिशेबाची, पाचाची शिस्त नाहीच. कॉफीच्या जीनोममध्ये गॅमानंतर संपूर्ण दुपटीकरण झालेलं नाही, असं 2014 मध्ये दिसून आलं. तरी कॉफीचं कुळ जगातल्या सर्वांत मोठ्या कुळांपैकी एक आहे आणि त्या झाडाने कॅफिन बनवण्याची जनुकं शेजारी शेजारी पडलेल्या छोट्या प्रतींमधून, चहा आणि कोको यांच्यापासून स्वतंत्रपणे घडवली. तिप्पट होण्याने साहित्य दिलं. ते वापरलं गेलं कोट्यवधी वर्षांनी, वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या कारणांनी.

फुलाच्या आकाराचंच घ्या. गोलाकार फुलांच्या घराण्यांतून उजवी-डावी बाजू असलेली, ओठ असलेली फुलं अनेकदा स्वतंत्रपणे आली. त्यातल्या बऱ्याच वेळी सायक्लॉइडिया घराण्यातली जनुकं कामाला लागलेली दिसतात. स्नॅपड्रॅगनमध्ये हे जनुक फक्त फुलाच्या वरच्या बाजूला चालू असतं. 1744 मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने स्नॅपड्रॅगनच्या नात्यातल्या लिनारियाच्या एका विचित्र रूपाचं वर्णन केलं, ज्याचं एरवी ओठाळ असणारं फूल चहूबाजूंनी सारखं झालं होतं. तो इतका चक्रावला की त्याने त्याला राक्षस या अर्थाचं पेलोरिया हे नाव दिलं. 1999 मध्ये कोएन यांच्या प्रयोगशाळेने कारण शोधलं. लिनारियातल्या सायक्लॉइडिया जनुकातलं अक्षरही बदललेलं नव्हतं. त्यावर मिथाइल गट नावाच्या छोट्या रासायनिक खुणांची मोहर बसून ते बंद पडलं होतं आणि ही मोहर पिढ्यान्‌पिढ्या उतरत होती.

रंगांतही हीच रीत. बहुतेक फुलांचा लाल-जांभळा रंग अँथोसायनिनचा असतो. बोगनवेल, बीट, राजगिरा, निवडुंग यांच्या फांदीत मात्र त्याऐवजी टायरोसीन या अमिनो आम्लापासून बनणारं बीटालेन असतं, आणि ही दोन रंगद्रव्यं एकाच झाडात एकत्र सापडत नाहीत. बीटालेनसाठी लागणारं डोडा नावाचं जनुक जुन्या जनुकाची प्रत होऊन आलेलं आहे. त्याच फांदीतल्या कार्नेशनच्या कुळाने पुन्हा अँथोसायनिनचा रस्ता धरला.

या घराण्यात मिळवण्याइतकं गमावणंही आहे. सुमात्रा-बोर्निओच्या जंगलात वाढणाऱ्या राफ्लेशियाला पान, खोड, मूळ काहीच नाही. तिचं शरीर म्हणजे टेट्रास्टिग्मा या द्राक्षाच्या कुळातल्या वेलीत पसरलेले तंतू, आणि बाहेर येतं ते फक्त फूल. एका जातीत ते मीटरभर रुंद असतं. पानाला हिरवेपणा देणाऱ्या हरितलवकांचा डीएनएही तिच्यात 2014 मध्ये शोधूनही सापडला नाही. तिची नातलग सॅप्रिया, तिच्यात इतर फुलझाडांनी एकजात जपलेल्या जनुकांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक गायब आहेत. अशा झाडाचं घराणं ओळखायचं कसं? पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सूत्रकणिकांची (मायटोकॉन्ड्रियांची) जनुकं वाचली तेव्हा 2004 मध्ये घोळ झाला: एका जनुकाने तिला द्राक्षाच्या कुळाजवळ बसवलं, बाकीच्यांनी भलतीकडे. ते एक जनुक तिने यजमान वेलीकडून उचललेलं होतं. 2007 मध्ये तिची जागा ठरली ती एरंडाच्या कुळात, जिथे बहुतेकांची फुलं काही मिलिमीटरच्या पुढे जात नाहीत.